मासा कुठं उभा असतो? वेदगंगा, दूधगंगा आणि हिडकलच्या पाण्यात जागा ओळखताना



गेले काही दिवस आपल्या पोरांच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेतला एक माणूस मोटरबोटीत बसलाय, समोर छोट्या टीव्हीसारखा पडदा आहे, पडद्यावर पाण्याखालचे मासे ठिपक्यासारखे दिसतायत आणि तो गळ टाकून अंगावर काळ्या रेघा असलेला मोठा मासा वर ओढतोय. संस्थेत येणारा प्रत्येक जण विचारतो, हा मासा आपल्या हिडकलला मिळंल का? आणि ते मशीन आपण घ्यायचं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. त्या माशाला तिकडं स्ट्राइप्ड बास म्हणतात. मूळचा तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा, समुद्रातला. अंडी घालायला मात्र नदीत वर चढतो. साउथ कॅरोलिना राज्यात सँटी आणि कूपर या नद्यांवर १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणं झाली, तेव्हा काही मासे वरच्या बाजूला अडकले. ते मेले नाहीत, तिथल्या गोड्या पाण्यातच त्यांची वीण सुरू झाली. मग सरकारनं बऱ्याच तलावांत त्यांचं बीज सोडलं. आपल्या पाण्यात तो नाही आणि कुणी आणून सोडूही नये. बाहेरून आणलेल्या माशाचं काय होतं ते आपण चिलापीवरून बघतोय. १९५२ साली ती भारतात आणली, आज जाळं उचललं की आधी तीच. थाई मांगूरवर तर बंदीच आहे, तरी चोरून पाळतात. (आपल्या तालुक्यातल्या मांगूर गावाचा याच्याशी काही संबंध नाही, तिथल्या पाहुण्यांनी रागावू नये.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यायला पाहिजे. मशीनवाल्यालाही कुठं जायचं ते आधी ठरवावंच लागतं, पडदा त्यानंतर कामाला येतो. पाणी कसं वाचायचं हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत होतं, नव्या पोरांना ते कुणी नीट सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मासा आळशी असतो. वाहत्या धारेत दिवसभर पोहत राहणं त्याला परवडत नाही. पण खाणं धारेतूनच येतं. म्हणून तो धारेच्या कडेला, संथ पाण्यात तोंड वर करून उभा राहतो आणि वाहून येणारं टिपतो. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकाला चिकटून असतात तिथं पाण्यावर एक रेघ दिसते, कधी फेसाची, कधी पाचोळ्याची. त्या रेघेच्या संथ बाजूला जाळं लावा. धारेच्या मधोमध लावलं तर जाळ्यात पाचोळाच येणार.

वळणावरही तसंच. नदी वळते तिथं बाहेरच्या बाजूचा काठ कोरला जातो आणि डोह तयार होतो, आतल्या बाजूला वाळू साठते. दिवसा मासा डोहात, संध्याकाळी आणि पहाटे आतल्या उथळ बाजूला चरायला. काठावर वाळुंज, करंज, उंबर पाण्यावर वाकलेला असेल तर ती जागा सोडू नका. सावली मिळते, मुळांत लपायला मिळतं आणि उंबर पिकला की फळं खाली पडतात, रोहू ती खातो. पण जिथं वाळूचा उपसा झालाय तिथं जुना अंदाज चालत नाही. काल कमरेएवढं पाणी होतं तिथं आज दोन पुरुष खोल खड्डा असतो. पोहता येणारी माणसंही अशा खड्ड्यात गेलेली आहेत.

आता आपल्या नद्यांचं खरं वैशिष्ट्य सांगतो, बंधारे. वेदगंगा आणि दूधगंगा या आता सलग नद्या राहिलेल्याच नाहीत. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, ममदापूर-हुन्नरगी, कुन्नूर-भोजवाडी, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, आणि पुढं कृष्णेवर कल्लोळ-यडूर. प्रत्येक बंधाऱ्यामागं एक लांबट तळं आहे असं समजा. पावसाळा संपल्यावर बरगे घातले की नदीचा स्वभाव बदलतो आणि पावसाआधी काढले की परत बदलतो. म्हणून "अमक्या बंधाऱ्यावर मासा लागतो" या बोलण्याला काही अर्थ नाही. बरगे घातलेत का, पाणी किती फुटावर आहे, हे विचारल्याशिवाय होडी काढू नका.

बरगे घातलेले असतात तेव्हा बंधाऱ्याच्या अगदी मागं पाणी सगळ्यात खोल असतं, म्हणून सगळे तिथंच जाळी लावतात. आमचं मत वेगळं आहे. तिथं तळाला गाळ असतो, पाणी हलत नाही, कटला सोडला तर बाकीचा मासा फार थांबत नाही. खरी जागा वरच्या टोकाला आहे, जिथं वाहती नदी या साठलेल्या पाण्यात शिरते. तिथं पाणी ताजं असतं, वरून खाणं येतं आणि दोन पावलांवर खोल पाणी असतं. होडीला लांब पडतं म्हणून कुणी जात नाही, इतकंच.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला बरग्यांच्या फटीतून पाणी गळतं. उन्हाळ्यात नदी मंद असते तेव्हा या गळणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, मासा तिथं येऊन थांबतो. फेकजाळंवाल्यांना हे ठाऊक आहे. काळम्मावाडीचं आवर्तन सुटलं की आणखी एक संधी असते. थंड पाणी पोचतं त्या पहिल्या काही तासांत मासा हलतो आणि पाण्याच्या दिशेनं वर सरकतो. आवर्तन कधी सुटणार ते शेतकऱ्यांना आपल्याआधी कळतं, पंपवाल्यांशी दोस्ती ठेवा.

भोजच्या संगमाची गंमत वेगळी आहे. वेदगंगा आणि दूधगंगा दोन्हींचं पाणी एका वेळी सारखं नसतं. एक गढूळ तर दुसरी जरा निवळ, एक जोरात तर दुसरी मंद. दोन पाणी मिळाल्यावर बराच अंतरापर्यंत ती शेजारी-शेजारी वाहताना दिसतात. मधल्या शिवेवर लहान मासळी गोंधळते आणि तिच्या मागं शिंगाळा येतो. स्ट्राइप्ड बासवाला माणूस तिकडं अशीच शिव शोधत असतो. लहान मासळीचा थवा कुठं आहे ते बघायचं, मोठा मासा त्याच्या खाली.

हिडकलचं गणित नदीपेक्षा निराळं. ५१ टीएमसीचं धरण आहे, पूर्ण भरलं की पाण्याची पातळी २१७५ फूट. एवढ्या पाण्यात जाळं टाकायचं कुठं? पेट्रोल जाळत फिरण्यात अर्थ नाही. याचं उत्तर मे महिन्यात मिळतं, तेही फुकट. पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, लोक दर्शनाला जातात. आपणही जावं, हात जोडावेत आणि मग त्या उघड्या पडलेल्या जमिनीवरून चालत फिरावं. जुना रस्ता कुठून जातो, ओढ्याचं पात्र कुठं आहे, पडक्या भिंती, विहिरी, बांध, झाडांचे बुंधे कुठं आहेत ते बघून घ्यावं. ऑगस्टमध्ये हे सगळं पाण्याखाली जातं आणि मासा याच्याच आसऱ्यानं राहतो. जुन्या ओढ्याचं पात्र म्हणजे माशाचा रस्ता. खोल पाण्यातून उथळाकडं तो त्याच वाटेनं येतो-जातो. जाळं बुंध्यांवर टाकलं तर फाटणार, बुंध्यांच्या कडेनं टाकलं तर भरणार. आज तंगूसचा भाव काय आहे ते सांगायला नको.

खुणा डोक्यात ठेवू नका. पाणी चढल्यावर सगळा काठ बदलतो, आपल्यातली शहाणी माणसंही चुकतात. लांबची, न बुडणारी खूण धरा, डोंगराचं टोक आणि त्याच्या रेघेत एखादं मोठं झाड किंवा टॉवर. अशा दोन रेघा जिथं एकमेकीला कापतात ती आपली जागा. मोबाईलवर ठिकाण साठवून ठेवता येतं तेही करा, पण मोबाईल पाण्यात पडतो.

खोली मोजायला दोरी आणि शिशाचा गोळा बास आहे. दोरीला हाताहातावर गाठी मारा. गोळ्याच्या बुडाला खोलगट भाग ठेवून त्यात कपड्याचा साबण दाबून भरा. गोळा तळाला टेकला की साबणाला चिखल, वाळू, बारीक खडी जे असेल ते चिकटून येतं. काहीच चिकटलं नाही तर खडक. एवढ्या माहितीवर कुठला मासा असंल याचा अंदाज बांधता येतो. चिखलात मृगळ आणि सायप्रिनस, खडकाच्या फटीत वाम. म्हणून मशीनबद्दल आमचं म्हणणं असं, की हिडकलला मोठी होडी चालवणाऱ्या दोघा-तिघांनी मिळून घेतलं तर घ्या, नदीवर दहा-बारा फूट पाण्यात त्याचा उपयोग नाही. कर्ज काढून तर घेऊच नका.

अजून एक चूक बरेच जण करतात. उन्हाळ्यात "खोल तिथं थंड, थंड तिथं मासा" असं समजून धरणाच्या तळाला जाळं सोडतात आणि रिकामं उचलतात. खोल साठलेल्या पाण्यात वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो आणि दोन्ही मिसळत नाहीत. तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन हळूहळू संपतो. मासा मग मधल्या थरात राहतो. जाळ्याची उंची बदलून बघा, जागा तीच ठेवून.

वाऱ्याकडंही लक्ष द्या. एकाच दिशेनं दोन-तीन दिवस वारा लागला की पाण्यावरचं बारीक शेवाळ आणि किडे समोरच्या काठाला ढकलले जातात, कटला त्याच्या मागं जातो. लाटा आपटतात म्हणून आपण आडोशाच्या काठाला थांबतो आणि मासा नेमका पलीकडं असतो.

बाकी खुणा थोडक्यात. तळातून बुडबुड्यांची माळ आणि गढूळ ढग येत असेल तर सायप्रिनस चिखल उकरतोय. उथळात थाळीसारखे गोल खड्डे दिसले तर चिलापीची घरटी. मरळ हवा घ्यायला वर येतो, पाणवनस्पतीत "टप्प" आवाज येऊन पाणी फिरतं. वाम रात्रीच बाहेर पडतो, त्याच्यासाठी दिवसा जागा हेरून अंधार पडताना गळाची दोरी लावायची. पाणकावळे एका रांगेत बुड्या मारत पुढं सरकत असतील तर ते लहान मासळी हाकलतायत. एकटा बगळा उभा असेल तर फार मनावर घेऊ नका, त्याला बेडूकही चालतो. पक्ष्यांची चाल शिकायची असेल तर थंडीत धुपदाळला एक सकाळ बसून या. ते अभयारण्य आहे, तिथं जाळं न्यायचं नाही, फक्त डोळे.

आणि ज्या जागेला जागा म्हणू नये ती. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी असताना कधी कधी पाणी काळपट होतं, मळीसारखा वास येतो, फेस धरतो आणि मासे तोंड वर काढून काठाला येतात. हातानं उचलता येतात. लोक पोती घेऊन धावतात. तो मासा गुदमरतोय. तो उचलून बाजारात नेऊ नका, आपल्या बायका जिथं रोज बसतात तिथल्या गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही. अशा वेळी फोटो काढा, बाटलीत पाणी भरून घ्या, वेळ लिहा आणि संस्थेला कळवा. तक्रार करायला पुरावा लागतो.

आता मुद्द्याचं, आणि थोडं कडू. वर्षातली सगळ्यात सोपी जागा कुठली, हे लहान पोरालाही माहीत आहे. पहिला मोठा पाऊस, नदीला लाल पाणी, आणि ओढ्याच्या तोंडाला, बंधाऱ्याच्या खाली चढणीचा मासा. तिथं ना दोरी लागते ना अनुभव. मासा स्वतःहून समोर येतो, पोटात गाबोळी घेऊन.

दोन वर्षांमागं आपणच काय केलं ते सगळ्यांना आठवतंय. बंधाऱ्याखाली काठापासून काठापर्यंत बारीक आसाची जाळी लावली. काहींनी मच्छरदाण्याही. बाहेरची माणसं आली होती हे खरं, पण जाळी लावणाऱ्यांत आपले सभासदही होते, आणि आम्हीही बंधाऱ्यावर उभं राहून बघत होतो, अडवलं नाही. त्या संध्याकाळी निपाणीच्या बाजारात इतका मासा आला की भाव पडला. आपल्या मावश्यांनी रात्री उशिरापर्यंत बसून निम्म्या दरानं विकला. गाबोळीचा मासा उकाड्यात लवकर खराब होतो, उरलेला टाकून द्यावा लागला. त्यानंतरच्या हिवाळ्यात वेदगंगेवर जाळी कशी गेली ते ज्याच्या त्याच्या घरात माहीत आहे. दोन घरांनी होड्या विकायला काढल्या.

याला एकच कारण आहे असं आम्ही म्हणत नाही. पाणी, मळी, वाळू, सगळंच आहे. पण माशाचा हिशेब साधा आहे. रोहू, मृगळ यांची मादी वजनाच्या किलोमागं लाखाच्या वर अंडी देते. ही अंडी धारेत सुटतात, पाण्याबरोबर तरंगत खाली जातात आणि दिवसभराच्या आत फुटतात. धार नसेल तर गाळात बसून मरतात. म्हणूनच हा मासा साठलेल्या पाण्यात वीण करत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. तो अमेरिकेतला पट्टेवाला मासाही असाच, त्याची अंडी फुटायला दोन दिवसांच्या आसपास लागतात, तेवढा वेळ त्यांना वाहतं पाणी मिळावं लागतं. जिथं तेवढं वाहतं पाणी नाही, तिथं तिकडच्या सरकारला दरवर्षी बीज सोडावं लागतं. सायप्रिनस आणि चिलापीचं तसं नाही, ते संथ पाण्यातही वाढतात. म्हणजे चढणीवर जाळं लावलं की आपण नेमका भावाचा मासा मारतो आणि स्वस्तातला शिल्लक ठेवतो.

काही जण म्हणतात, संस्था बोटुकली सोडते की दरवर्षी. सोडतो. पण बोटुकली तलावात सोडायची असते तिथं ठेका आपला असतो, मासा आपल्यालाच मिळतो. नदीत सोडलेली बोटुकली कुठं जाईल सांगता येत नाही, आणि तिला पैसे लागतात. नदीचं बीज नदी फुकट देते.

जुनी माणसं म्हणतात, पहिल्या पावसाचा मासा खायची रीत आहे, ती मोडायची का? रीत मोडू नका. घरापुरता गळाला लागला तो खा, शेजाऱ्याला द्या. ओढा आडवा बांधून पोती भरणं ही रीत कधीच नव्हती. आणि रीतच काढायची तर देवाचा डोह राखायचीही रीत आहे. महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावानं महसीर राखलेत, आपल्या कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर मंदिराचे मासे कुणी धरत नाही. महसीर म्हणजे आपल्या दख्खनच्या नद्यांचा राजा, १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची शास्त्रात नोंद केली. आज आपल्याकडं तो किती जणांनी जाळ्यात बघितलाय, हात वर करा.

मरळाचंही सांगून ठेवतो. पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर त्याखाली आई-बाप राखणीला असतात. ते जागा सोडत नाहीत, म्हणून सहज मारले जातात. मारले की पिल्लं एका दिवसात संपतात.

पुराच्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगा यमगर्णीला हायवेवर आली होती ते आपण बघितलंय. बंधाऱ्याखाली पाणी वरून साधं दिसतं पण पडणारं पाणी खालून मागं ओढतं, त्यात काहील किंवा ट्यूब गेली की माणूस सुटत नाही. कल्लोळकडच्या सभासदांनो, कृष्णेत मगरी आहेत, कंबरभर पाण्यात उतरून जाळं सोडवत बसू नका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख. ज्यांचं नाव अजून नोंदलेलं नाही त्यांनी आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स घेऊन या. घरच्या बायकांनी हे वाचत असाल तर तुम्हीच या, पुरुषमाणसं उद्या-उद्या करतात.

संस्थेत एक वही ठेवली आहे. तारीख, बंधारा, बरगे घातलेले की काढलेले, पाणी किती फूट, कुठला मासा, जाळं किती उंचीवर, एवढंच लिहायचं. जागा गुपित ठेवायची असेल तर जागेचं नाव लिहू नका, बाकीचं लिहा. वर्षभराची वही झाली की पुढच्या वर्षी कुणालाही फुकट फेरी मारावी लागणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता बैठक आहे. विषय दोन. एक, बरगे निघाल्यापासून नदी निवळेपर्यंत कुठल्या बंधाऱ्यांखाली आणि ओढ्यांच्या तोंडाला आपण जाळं लावायचं नाही. दोन, भोजच्या संगमाखालचा डोह बारा महिने राखायचा की नाही. दुसऱ्या विषयाला विरोध आहे हे आम्हाला माहीत आहे, तिथं ज्यांच्या होड्या आहेत त्यांचं नुकसान कसं भरायचं तेही बोलू. होडीमालकांनी स्वतः यावं, पोराला पाठवून भागणार नाही.